तांदळातले खडे

मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. बेल्ट लावताना आपण ओढतो तेवढाच नाही, तर पार शेवटपर्यंत, आतून आणखी येईना तोवर. मग तो उजेडात धरून त्यांनी माझ्या भाच्याला जवळ बोलावलं. पट्ट्याचा वरचा भाग स्वच्छ करडा होता. शेवटची हातभर पट्टी मात्र चहात बुडवून वाळवल्यासारखी तपकिरी झाली होती. तिच्यावरून बोट फिरवलं तर बोटाला बारीक माती लागत होती.

"ही गाडी पाण्यात होती," मिस्त्री म्हणाले. "सीट धुतात, कार्पेट बदलतात. बेल्ट पुरा ओढून कोण बघतो?"

गाडी दिसायला सुरेख होती. चांदीचा रंग, नवी सीट कव्हरं, आत लिंबाचा वास. परळच्या बाजूला एका गाळ्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या माणसाने आम्हाला चहा पाजला होता. "काका, सिंगल हँड गाडी आहे. एक रुपयाचा खर्च नाही. बसायचं आणि चालवायचं," असं तो मला दोनदा म्हणाला होता. भाचा टोकन द्यायच्या बेतात होता. गिरगावातल्या त्याच्या घरात येणारी ही पहिलीच गाडी. मिस्त्री सोबत नसते, तर त्या संध्याकाळी चाळीत पेढे वाटून झाले असते आणि पुढच्या पावसाळ्यापासून दर महिन्याला गॅरेजच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या.

मराठीत आपण तांदूळ निवडतो आणि जावईही निवडतो. खडे बाजूला काढणं आणि पसंत करणं या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच क्रियापद आहे. जुनी गाडी घेताना बहुतेक लोक दुसऱ्या अर्थानेच निवडतात. रंग आवडला, मॉडेल आवडलं, हप्ता बसला, की झालं. पहिल्या अर्थाने, सूप मांडीवर घेऊन, उजेडाकडे तोंड करून कसं निवडायचं, ते या प्रकरणात पाहू.

एका अर्थशास्त्रज्ञाचे तांदूळ

जुन्या मोटारींच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक मोठा सिद्धांत दिला आहे. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात, आणि निबंधाचं नावच 'लिंबांचा बाजार' अशा अर्थाचं होतं. छापून येण्याआधी तीन नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. १९६७-६८ हे वर्ष अ‍ॅकरलॉफ भारतात होते, आणि पहिल्या नकाराचं पत्र त्यांना इथेच मिळालं. याच कामासाठी २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल पुरस्कार मिळाला.

त्यांचं म्हणणं साध्या हिशेबात मांडता येतं. समजा एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. एक चांगली, चार लाखांची. दुसरी आतून पोखरलेली, दोन लाखांची. कोणती कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा घाबरून मधला भाव सांगतो, तीन लाख. खराब गाडीवाला आनंदाने तयार होतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्या पडत्या भावात देण्यापेक्षा मेहुण्याला देईन. तो बाजारातून निघून जातो. बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून घेणारा भाव आणखी पाडतो, आणि मग उरलेल्यांपैकी बऱ्या गाड्याही निघून जातात. अशा तऱ्हेने एकाच्या अज्ञानामुळे सगळा बाजार नासतो. त्यात घेणारा फसतो आणि प्रामाणिक विक्रेताही मारला जातो.

मोटारींवरच्या या निबंधात एक भारतीय उदाहरण आहे, ते मला फार जवळचं वाटतं. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते बारकाईने निवडावे लागतात, हे अ‍ॅकरलॉफ यांनी टिपलं आहे. आपल्या आया-आज्या जे रोज करत होत्या, ते त्यांना बाजाराच्या आजाराचं लक्षण वाटलं. त्यावर उपायही त्यांनी सांगितले: लेखी हमी, नाव राखून असलेली दुकानं, परवान्यांची व्यवस्था. म्हणजेच विकणाऱ्याला जे माहीत आहे, ते घेणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे मार्ग. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

गल्लीच्या मापाची गाडी

मुंबईतल्या मध्यमवर्गाचा जुन्या गाडीशी संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. त्या काळात नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे लगेच हातात मिळणाऱ्या वापरलेल्या गाडीला नव्याहून जास्त भाव येई, ही आजच्या मुलांना खोटी वाटणारी गोष्ट तेव्हा रोजची होती. पद्मिनीचं इंजिन कोणताही मिस्त्री रस्त्यावर उघडून परत बसवू शकत असे. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि घरच्या गाडीची कल्पना बदलली. लांबी साडेतीन मीटरच्या आत, इंजिन ७९६ सीसी. गिरगावातल्या मुगभाटात किंवा लालबागच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना स्कूटर लागलेल्या असताना वळवून घेता येईल अशी ही गाडी. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनेच 'छोटी गाडी' कशाला म्हणायचं ते ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. अशा गाड्यांवरचा कर कमी केला गेला, म्हणून कंपन्यांनी चार मीटरच्या आतल्या गाड्यांचा धडाका लावला. आज जुन्या बाजारात अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय १०, टियागो यांची गर्दी दिसते, तिच्यामागे ही व्याख्या मोठं कारण आहे. आपल्यासाठी याचा फायदा असा की या गाड्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि त्या दुरुस्त करणारे हात प्रत्येक गल्लीत आहेत. पहिली गाडी घेणाऱ्याने फार न चाललेलं, बंद पडलेलं मॉडेल स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये, ते एवढ्यासाठीच.

हिंदमाताचं पाणी

मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्याने या शहराचा भूगोल थोडा समजून घेतला पाहिजे. दादर-परळच्या मध्ये हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. सात बेटं भराव घालून जोडली गेली, तरी मधली सखल जमीन सखलच राहिली. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, की नाल्यांतून पाणी समुद्रात उतरत नाही, ते इथे साठतं. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, त्या याच पाण्यासाठी. हिंदमाताचं पाणी पंपाने तिकडे न्यायचं, आणि ओहोटी लागली की सोडायचं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. एकाच शहरात इतका फरक असू शकतो. म्हणून गाडी कोणत्या आरटीओची आहे यावरून ती पाण्यात गेली होती की नाही हे ठरत नाही. ती रात्री कुठे उभी राहत होती, त्यावरून ठरतं.

पाण्यात गेलेली गाडी धोक्याची का, हे नीट समजून घ्यायला हवं. बुडालेली पद्मिनी सुकवली, तेल बदललं की पुन्हा चाले. आजच्या छोट्या गाडीतही इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगचे सेन्सर, एबीएस आणि शेकडो बारीक कनेक्टर असतात. पाणी ओसरल्यावर त्यांच्या पितळी-तांब्याच्या टोकांना हिरवट गंज चढत जातो. त्याचा परिणाम सहा महिन्यांनी दिसतो. काच अडकते, दिवे मिणमिणतात, गाडी सिग्नलवर बंद पडते. आणि एअरबॅग उघडायची वेळ आली तर ती उघडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. इंजिनमध्ये हवेच्या वाटेने पाणी शिरलं असताना कोणी स्टार्टर मारला असेल, तर आतला कनेक्टिंग रॉडही वाकलेला असू शकतो, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही.

दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त निघाला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते आणि भरपाई देते. गाडीचा सांगाडा मग भंगार म्हणून विकला जातो. त्यातल्या काही गाड्या कापून सुट्या होतात, काही मात्र धुऊन-पुसून पुन्हा रांगेत उभ्या राहतात. त्या ओळखायच्या खुणा साध्या आहेत. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटखालचे रूळ बोटांनी चाचपा, तिथला गंज रंगवायचं बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीची खाच पाहा. हेडलाइटच्या आत धुकं आहे का, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात चिखल आहे का, ते बघा. आणि आत फार तीव्र सुगंध मारलेला असेल, तर सगळ्या काचा लावून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा. खालचा कुबट वास हळूहळू वर येतो.

दिवसा, थंड गाडी, चढाचा रस्ता

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. थंड इंजिन पहिल्या किल्लीत कसं उठतं, यातून निम्मी परीक्षा होते. धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर दिसला, तर ती शंका आणखी पक्की.

मग रंग. ट्यूबलाइटखाली सगळ्या गाड्या सारख्या चकाकतात, म्हणून गाडी उन्हात घ्या आणि तिच्या लांबीच्या रेषेत, तिरकं बघा. कंपनीतून आलेला रंग सगळ्या पत्र्यांवर एकसारखा असतो. ज्या पत्र्यावर पोत वेगळा, दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, बोल्टवरचा रंग पाना लागून उडालेला, तो पत्रा काढला किंवा रंगवला गेला आहे. मुंबईच्या गर्दीत एखादं दार, एखादा मडगार्ड रंगवलेला असणं यात काही वाईट नाही. पाहायचा तो सांगाडा: बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंचे एप्रन, दारांमधले खांब, छताच्या कडा. तिथे लांबी (पुट्टी) भरलेली किंवा वेल्डिंग केलेलं दिसलं, तर गाडीचा मोठा अपघात झालेला आहे. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. लांबीचा जाड थर असलेल्या जागी तो नीट धरत नाही.

चौपाटी आणि वरळीच्या बाजूला वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांना खारी हवा खाते. चाकावरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि गाडीचं बूड पाहायचं ते त्यासाठी. लिफ्टवर चढवून किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन पाहिल्याशिवाय बूड पाहिलं असं म्हणू नये.

मीटरवरच्या किलोमीटरला मान द्या, पण त्याच्यावर विश्वास टाकू नका. मीटर मागे करणं हे काही मिनिटांचं काम आहे. गाडी २०,००० किलोमीटर चालली म्हणतात आणि क्लच-ब्रेकच्या पेडलांचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चमकतंय, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलीय, तर आकडा खोटा आहे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, किलोमीटर १५,०००, आणि चारही टायर २०२३ चे, तर जुने टायर इतक्यात का बदलले, हे विचारायला हवं. सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून त्या गाडीची सर्व्हिसची नोंद मिळवणं. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात, आणि आकडा मध्येच खाली उतरला असेल तर तिथेच कळतं.

कमी चाललेली गाडी चांगलीच, असंही नाही. आपल्या भागात कित्येक गाड्या कव्हराखाली उभ्याच असतात. रविवारी सिद्धिविनायक आणि सुट्टीत गाव, एवढंच त्यांचं चालणं. अशा गाडीची बॅटरी मरते, रबरी सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, आणि उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेटखाली काळी इन्सुलेशन टेप जागोजागी गुंडाळलेली दिसली, तर वायरिंगची दुरुस्ती कशामुळे करावी लागली ते विचारा.

चालवून पाहायला सपाट रस्त्याची एक फेरी पुरत नाही. केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोडच्या चढाला घ्या, किंवा लालबागच्या उड्डाणपुलावर चढवा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. उतरताना मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावा, गाडी एका बाजूला ओढते का पाहा. मग एखाद्या खोदलेल्या रस्त्यावरून, रेडिओ बंद ठेवून, हळू न्या. सस्पेन्शनमधली प्रत्येक सैल गोष्ट तिथे खडखडते. आपल्याला एवढं जमत नसेल, तर ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. गाडीच्या सगळ्या व्यवहारात याहून सार्थकी लागणारा खर्च नाही.

गाडी कोणाची?

पत्रा, इंजिन पाहून झालं की लोक सुस्कारा सोडतात. खरं तर अर्धं काम आता सुरू होतं. गाडीचा कायदेशीर मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. गाडी हातोहात अनेकांना विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर आली. म्हणून विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नये, आणि घेणाऱ्याने 'नंतर करून देतो' यावर राहू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं नाव असतं. ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. 'कर्ज फिटलंय, एनओसी येतेय' हे शब्द ऐकले की पैसे खिशातच ठेवा.

डीलर या साखळीत कुठे बसतो, हे पूर्वी कायद्यातच धूसर होतं. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नवे नियम लागू झाले. नोंदणीकृत डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९ सी वर होते, आणि तेव्हापासून तो डीलर त्या गाडीचा मानीव मालक समजला जातो. म्हणजे त्या दिवसापासून तिची जबाबदारी त्याची. अशी गाडी तो चाचणी, तपासणी, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढू शकतो आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवणं त्याला बंधनकारक आहे. डीलरकडे गेल्यावर पहिला प्रश्न 'शेवटचा भाव काय' हा नसावा. 'तुमचं अधिकारपत्र दाखवता का' हा असावा. प्रामाणिक डीलरला या प्रश्नाचा राग येत नाही.

परिवहनच्या पोर्टलवर आणि एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद पाहता येते. थकलेले ई-चलान स्वतंत्रपणे पाहा. सिग्नल तोडल्याचे, चुकीच्या जागी उभी केल्याचे दंड गाडीच्या नंबरावर साठत जातात. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी कधी झाली, हे टाकीच्या पट्टीवर वाचा. गाडी आधी टॅक्सी म्हणून चालली होती का, तेही नोंदीत शोधा. पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आलेली गाडी घेण्यात पाप नाही. पण तिची किंमत घरगुती गाडीची लावणं ही फसवणूक आहे.

दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्यांबद्दलही सावध राहा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंधनांमुळे त्या दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. महाराष्ट्रात त्या नोंदवताना इथला कर वेगळा भरावा लागतो. तो मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरून जाते. आणि कोणत्याही खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण लागतं. चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च आजच भावात धरा.

विम्याचा एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सवलत, माणसाची असते, गाडीची नसते. ती आधीच्या मालकासोबत जाते. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. तसं न करता गाडी ठोकली गेली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

भावाचा हिशेब

जुन्या गाडीला एमआरपी नसते. तरी एक खुंटी आहे. विमा कंपन्या गाडीची किंमत वयाप्रमाणे ठरलेल्या दराने उतरवतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. गाडीच्या चालू पॉलिसीवर हा आकडा छापलेला असतो. तो अंतिम भाव नव्हे, पण डीलरचा आकडा त्याच्या फार वर असेल तर कारण विचारायचा हक्क मिळतो.

दुसरा आधार आजच्या नव्या गाडीच्या किमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायला हवा. म्हणून त्याआधीच्या किमतीवर बेतलेला हिशेब कोणी मांडला, तर तो तिथेच थांबवा.

तिसरी गोष्ट डीलरच्या बिलावरच्या जीएसटीची. २०२५ च्या सुरुवातीपासून जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के दर लागू आहे, पण तो डीलरच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर. गाडी ३,००,००० ला घेतली आणि ३,६०,००० ला विकली, तर कर ६०,००० वर लागतो, म्हणजे १०,८००. कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के, म्हणजे ६४,८०० मागू लागला, तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

शब्द कागदावर

गाळ्यात बोललेले शब्द गाडी फाटकाबाहेर पडली की हवेत विरतात. म्हणून टोकन देण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: किलोमीटर किती, मालक कितवा, अपघात किंवा पाणी याबद्दल डीलरचं म्हणणं काय, नावावर किती दिवसांत होणार, खर्च कोणाचा, हमी किती महिन्यांची आणि कोणत्या भागांची, आणि सौदा मोडला तर टोकन परत मिळणार का. खाली शिक्का, सही, तारीख. पैसे बँकेतून द्या. गाडी ताब्यात घेतली त्याची तारीख आणि वेळही लिहा, कारण त्या मिनिटाआधीचं चलान आणि त्यानंतरचं चलान यांचे धनी वेगळे आहेत.

एवढं करूनही फसगत झाली, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूने आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांसाठी जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दक्षिण आणि मध्य मुंबईकरांसाठी हे काही परकं ठिकाण नाही, परळच्या पुरवठा भवनाचा पत्ता अनेकांना ठाऊक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर एका पिढीला हे शिकवलं की बिल मागणं म्हणजे भांडण नव्हे. पण या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न एकच असतो: लेखी काय आहे?

आमच्या भाच्याने त्या परळच्या गाडीनंतर आणखी पाच गाड्या पाहिल्या. सहावी दादरच्या एका डीलरकडे होती. आम्ही काही विचारण्याआधीच त्या गृहस्थांनी डावीकडचं मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "हे दार रंगवलेलं आहे. सोसायटीच्या खांबाला घासलं होतं. सांगाड्याला काही नाही, तुमच्या मिस्त्रींना बघू द्या." मिस्त्रींनी बघितलं, बेल्ट ओढले, बूड पाहिलं, चढावर नेऊन आणली. भाव मनातल्यापेक्षा पंधरा हजारांनी जास्त होता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रींकडे. मिस्त्री म्हणाले, "हा माणूस स्वतःच्या सुपातला खडा स्वतः दाखवतोय. पंधरा हजार त्याचे आहेत." रंगवलेल्या दाराची नोंद डीलरने बिलावर स्वतःच्या हाताने केली.

त्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात भाच्याने एक प्लास्टिकची फाइल ठेवली आहे. पहिल्या मालकाच्या सर्व्हिसच्या पावत्या तिच्यात होत्याच. आता त्याच्याही आहेत: ब्रेक पॅड बदलले, बॅटरी घातली, मागचा बंपर एका टेम्पोने ठोकला तो दुरुस्त केला. बंपरची पावती ठेवू नको, गाडी विकताना भाव पाडतील, असं त्याला कोणीसं सांगितलं. त्याने ती ठेवली. आणखी चार-पाच वर्षांनी या गाडीबद्दल सगळं माहीत असलेला माणूस तोच असेल, आणि समोर एखादं नवं जोडपं उभं असेल, घरातली पहिली गाडी घ्यायला आलेलं.